जाड टायरचा माग

माझ्या बायकोच्या रक्तातली साखर मला दर पाच मिनिटांनी कळते. तिच्या दंडावर नाण्याएवढा एक सेन्सर चिकटवलेला असतो. तो तिच्या फोनला आकडा पाठवतो आणि तिचा फोन तो माझ्या फोनला पाठवतो. इथे ब्रिटनमध्ये साखर मिलिमोलमध्ये मोजतात. सहा-सात म्हणजे उत्तम, चारच्या खाली गेली की लगेच काहीतरी गोड खायचं आणि तीनच्या खाली गेली तर माणूस भलतंच बोलायला लागतो. नाशिकच्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर आकडा विचारतात, तो भारतातल्या मापात आणायला मनातल्या मनात अठराने गुणतात आणि मग म्हणतात, "बरं आहे."

तिला टाइप वन डायबेटिस झाला तो एकोणचाळिसाव्या वर्षी. तोपर्यंत आमच्या घरात काळजी करायचं खातं माझ्याकडे होतं, पण त्याला विषय नव्हता. ती मँचेस्टरमधल्या एका हॉस्पिटलात फिजिओ आहे, रविवारी डोंगरात सायकल चालवायची, मी घरी बसून लॅपटॉपवर काम करायचो. मग इन्सुलिन सुरू झाल्यावर एका सकाळी तिची साखर फार उतरली. ती किचनमध्ये फ्रीजचं दार उघडत होती, लावत होती, परत उघडत होती. मी म्हटलं, "काय हवंय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ट्राममध्ये शेजारी कोणी अनोळखी माणूस येऊन बसलाय. त्या दिवशी अँब्युलन्स आली. दुपारपर्यंत ती अगदी ठीक होती आणि सोफ्यावर बसून मलाच धीर देत होती. मी मात्र त्या दिवसापासून ठीक नाही. मीटिंगमध्ये, ट्राममध्ये, टॉयलेटमध्ये, सगळीकडे मी तिचा आकडा बघत असतो.

फॅट बाइकचं तिच्या डोक्यात गेल्या फेब्रुवारीत आलं. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये एका जंगलात बर्फ चांगला पडला की तिथले स्वयंसेवक जंगलातल्या वाटा रोलर फिरवून दाबून घेतात. मुळात ते स्कीइंग करणाऱ्यांसाठी. पण आठवड्यातल्या ठरावीक सकाळी तिथे जाड टायरच्या सायकली चालतात. असा बर्फ दरवर्षी मिळत नाही आणि मिळाला तर चार दिवस टिकतो. तिने बुधवारी बातमी वाचली, गुरुवारी दोघांची सुट्टी टाकली आणि गुरुवारीच आम्ही सहा तास ड्राइव्ह करून वर पोचलो. वाटेत मी तिला थंडीत इन्सुलिन गोठतं का, हे दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिने रेडिओचा आवाज वाढवला.

शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. टायर माझ्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या अंतराएवढे रुंद वाटले. मोजले असते तर तितके नसतील. दुकानदाराने अंगठ्याने टायर दाबून दाखवला, तो मऊ लागला.

"हवा इतकीच ठेवायची," तो म्हणाला. "जास्त भरलीत तर बर्फात रुताल. वाटेच्या डाव्या बाजूला स्कीच्या दोन खाचा आहेत, त्यांत चाक घालायचं नाही. आणि तुमच्या टायरचा ठसा अंगठ्याच्या पेरापेक्षा खोल उमटायला लागला तर खाली उतरायचं. लोकांनी पहाटेपासून राबून ती वाट केलेली असते."

मी त्याला विचारलं, आत मोबाइलला रेंज आहे का. तो म्हणाला, "कधी असते, कधी नसते."

पार्किंगमधून वाट थेट पाइनच्या झाडांत शिरत होती. पहाटे रोलर फिरलेला, त्यामुळे बर्फावर नुसत्या बारीक रेघा, अजून कोणाचं पाऊल नव्हतं. बायकोने हेल्मेटचा पट्टा लावला आणि माझ्याकडे वळली.

"आज एक कर," ती म्हणाली. "फोनमधला तो साखरेचा अलार्म बंद ठेव."

"का?"

"तू माझ्याकडे बघतोस ना, तेव्हा आधी फोनकडे बघतोस आणि मग माझ्याकडे. मला दोन तास नुसती सायकल चालवायची आहे. नाश्त्याला इन्सुलिन कमी घेतलंय, खिशात जेली बेबीजच्या गोड गोळ्या आहेत, साखर मोजायचं मीटर आहे. मला कळतं माझं."

"किचनमध्ये कळलं नव्हतं."

हे मी बोलायला नको होतं. मी तिच्यासमोर फोन काढला, अलार्मचा आवाज बंद केला आणि तिला स्क्रीन दाखवली. व्हायब्रेशन चालू आहे हे दाखवलं नाही. फोन आतल्या खिशात, बरोबर छातीवर ठेवला.

सुरुवातीची वीस मिनिटं मला खरं तर मजा आली, हे कबूल करायला हवं. चाकांखाली बर्फाचा आवाज कोरड्या पोह्यांसारखा येत होता. हँडलला मोठाले पिशवीसारखे हातमोजे होते, त्यात हात घातले की बोटं गरम राहायची. ती पुढे, मी मागे. चढ आला की ती उभी राहून पेडल न मारता बसूनच सावकाश मारायची, म्हणजे मागचं चाक घसरत नाही. मी उभा राहून मारलं आणि चाक जागच्या जागी फिरलं. ती मागे वळून हसली. मग एका उतारावर तिने ब्रेक सोडले आणि वळणाआड गेली.

तेव्हाच छातीवर फोन थरथरला. थांबून बघितलं. पाच पूर्णांक एक, आणि शेजारी तिरपा खाली जाणारा बाण. पाच वाईट नाही, वाईट तो बाण. पाच मिनिटं मी तसाच उभा राहिलो, पुढच्या आकड्यासाठी. आकडा आला नाही. त्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. सिग्नल गेला.

मी तिला हाक मारली. बर्फात हाक लांब जात नाही, जवळच कुठेतरी विरते. मग मी सायकलवर बसलो आणि जमेल तितक्या जोरात निघालो. दुकानदाराने सांगितलेलं सगळं विसरलो. वाटेच्या मधून नीट जायचं सोडून मी वळणांवर आतून कापायला लागलो, आणि तिथली कड मऊ होती. पुढचं चाक आत गेलं आणि मी हँडलवरून पुढे पडलो, खांद्यापर्यंत बर्फात. लागलं नाही. उठलो, सायकल ओढून बाहेर काढली, पुन्हा निघालो, पुन्हा रुतलो. मग सायकल ढकलत, वळणं तशीच आतून कापत पळायला लागलो.

पुढे वाटेला फाटा होता. तिथे मला तिचा माग दिसला. सकाळपासून त्या वाटेवर आम्हीच होतो, त्यामुळे तो जाड, जाळीदार ठसा तिचाच. तो उजवीकडे गेला होता. पहिले शंभरेक मीटर अगदी सरळ, जणू पट्टीने आखलेला. मग तो थोडा डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग स्कीच्या खाचांवरून आडवा गेला आणि परत आला. माझी बायको सायकल अशी चालवत नाही. मी खाली बघत पळत होतो आणि तो माग वाचत होतो. पुढे ठसा थांबला होता, शेजारी बुटांची पावलं सुरू झाली होती. पावलं जवळजवळ होती, छोटी छोटी.

वळण घेतलं तर सायकल आडवी पडलेली. ती वाटेच्या बाजूला तोडलेल्या लाकडांच्या ढिगावर बसली होती. हेल्मेट मांडीवर. केस घामाने कपाळाला चिकटलेले, त्या थंडीत.

मी तिच्यापाशी गुडघ्यांवर बसलो आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मी कोण?" असं विचारलं. आठवलं की आजही लाज वाटते.

"हात थंड आहेत तुझे," ती म्हणाली. शब्द सावकाश येत होते, पण बरोबर होते. "चार खाल्ल्या. आत्ताच. दगड झाल्या होत्या, तोंडात धरून बसले."

"आणखी चार खा."

"नाही. पंधरा मिनिटं थांबायचं. मग मोजायचं."

"मोजूया आत्ता. मीटर कुठाय?"

तिने जॅकेटच्या बाहेरच्या खिशातून मीटर काढून दिलं. त्याच्यावर थर्मामीटरचं चित्र येत होतं. थंडीमुळे ते चालायला तयार नव्हतं. तिचा फोन बघितला तर तो मेलेला, बटण दाबून काही होईना. माझ्या फोनवर त्याच दोन रेघा. इमर्जन्सीला फोन करू का, असं मी विचारलं, आणि म्हणत असतानाच लक्षात आलं की रेंजही नाही.

"मीटर काखेत धर," ती म्हणाली. "आणि बोलू नकोस. प्लीज. मला बोलताना विचार करावा लागतोय."

मी मीटर काखेत धरलं आणि तिच्या शेजारी बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे तिचा आकडा नव्हता. काय बघायचं तेच कळेना. मग तिच्या हाताकडे बघत बसलो. तो थरथरत होता, अगदी बारीक. घड्याळ बघितलं तर दोन मिनिटं झाली होती. मनात सगळे हिशेब चालू होते: तिला उचलून नेता येईल का, सायकलवर बसवता येईल का, पार्किंग किती लांब, मी धावत गेलो तर ती इथे एकटी. कुठलाच हिशेब पूर्ण होत नव्हता.

तेवढ्यात मागून इंजिनाचा आवाज आला. एक बाई स्नोमोबिलवर बसून येत होती, मागे रुंद रोलर ओढत. साठी ओलांडलेली असावी. आमच्यापाशी थांबली, इंजिन बंद केलं आणि गॉगल वर केला.

"खालच्या वळणांवर ते चर कोणी पाडलेत?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण चिडलेली होती. "आणि मधोमध बुटांची भोकं. मी साडेचारला उठून ही वाट केलीय."

"मी," मी म्हणालो. "माझ्या बायकोला डायबेटिस आहे, साखर उतरलीय, मी घाबरून..."

तिने माझं पुढचं ऐकलं नाही. ती उतरली आणि सरळ बायकोपाशी गेली. मला काही न विचारता तिलाच विचारलं, "काही खाल्लंत का? किती वेळ झाला?"

"सहा-सात मिनिटं असतील," बायको म्हणाली.

"तुम्हाला काय हवंय?"

"नुसतं बसायचंय थोडा वेळ."

"मग बसा," ती म्हणाली. स्वतःच्या सीटवरची चटई काढून तिने लाकडांवर अंथरली, बायकोला त्यावर बसवलं. मग स्नोमोबिलला बांधलेलं एक फावडं सोडवून माझ्या हातात दिलं. "तुम्ही त्या शेवटच्या वळणावरचा चर बुजवा. इथूनच दिसतो. मी बसते यांच्याजवळ."

मी काखेतलं मीटर बायकोच्या हातात दिलं आणि गेलो. का गेलो, मला माहीत नाही. कोणीतरी काय करायचं ते सांगितलं म्हणून असेल. चर खरंच खोल होता, माझ्या हाताएवढा. मी बाजूचा बर्फ आत टाकत होतो, फावड्याच्या पाठीने थापत होतो आणि दर दोन थापांनी मान वर करून बघत होतो. त्या दोघी काहीतरी बोलत होत्या. एकदा बायकोने हात हलवून काहीतरी सांगितलं, तेव्हा हात नेहमीसारखा हलला.

मग तिने हाक मारली. "चार पूर्णांक सहा."

मी फावडं तिथेच सोडून आलो आणि त्या बाईने मला ते आणायला परत पाठवलं.

तिने बायकोला मागे बसवून खाली सोडायची तयारी दाखवली. बायको म्हणाली, थोडं खाऊन घेते, चालत जाईन. बाईने दोन क्षण तिच्याकडे नीट बघितलं, मग मान डोलावली. तिने दोघांनाही वाटेच्या कडेकडेने चालायला सांगितलं आणि रोलर घेऊन माझी भोकं बुजवायला गेली.

बायकोने बिस्किटं खाल्ली आणि आम्ही सायकली ढकलत परत निघालो.

"फोन थंडीने मेला नाही," ती मग म्हणाली. "म्हणजे, नंतर मेला. आधी मीच बंद केला होता. त्या उतारावरून खाली आल्यावर."

मी थांबलो.

"तुला आकडा दिसू नये म्हणून," ती म्हणाली. "मग हात थरथरायला लागले, चालू करायला गेले तर चालूच होईना."

मला खूप राग आला. तो कसा बाहेर काढावा याचा विचार करत असतानाच मला माझं व्हायब्रेशन आठवलं. तेही सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती नुसतं म्हणाली, "मला माहीत होतं. तू तुझ्या खिशावर हात ठेवून सायकल चालवत होतास."

त्या दुपारी आमचं भांडण झालं. चांगलं तासभर, आम्ही उतरलो होतो त्या कॉटेजच्या किचनमध्ये, मधे चहा करून. ती म्हणाली की आजार तिचा आहे आणि मी तो तिच्याकडून काढून घेतलाय. मी म्हणालो की तो माग मी वाचला आहे, तिने नाही. ती म्हणाली, "तू आलास तेव्हा मी खाऊन बसले होते. हे तू सोडून देतोस." ते खरं होतं. मी सगळ्यांना गोष्ट सांगताना ते सोडून दिलं असतं.

शेवटी एवढं ठरलं की तिने फोन बंद करायचा नाही आणि मी फक्त चारच्या खालचा अलार्म ठेवायचा, बाकी बघायचं नाही. मी ते पाळतो असं म्हणवत नाही. ट्राममध्ये अजून हात खिशाकडे जातो. कधी थांबतो, कधी थांबत नाही.

शनिवारी तिला परत त्या वाटेवर सायकल चालवायला जायचं होतं. मी नको म्हणालो नाही. ते म्हणायचा माझा हक्क आदल्या दिवशीच गेला होता. पण सकाळी हवा उबदार झाली होती, झाडांवरून पाणी टपकत होतं, आणि दुकानदाराने दारातूनच मान हलवली. वाट मऊ झाली होती, सायकली बंद. मला सुटल्यासारखं वाटलं आणि तिला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं.

"पुढच्या हिवाळ्यात," ती दुकानदाराला म्हणाली, आणि त्याच्याकडून टायरमध्ये नेमकी किती हवा भरायची ते पुन्हा नीट विचारून घेतलं.