दिगूची सुरमई

बायकोलाही ठाऊक नाही ते तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्हालाच का, ते विचारू नका — ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही, एवढंच. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं. मग हवापाण्याचं काहीतरी बोलून मिटवून टाकलं.

हवापाण्याचं बोलणं हा माझा धंदाच आहे म्हणा. सोनपेठला माझं सहलींचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक गाळा, दोन खुर्च्या आणि दारात उभी असलेली गाडी. आधी देवदर्शनाला माणसं न्यायचो. आता दिवाळी झाली की मालवणकडे समुद्रात मासे धरायला नेतो. हसू नका. ज्या जिल्ह्यातून समुद्र बघायला रात्रभर गाडी पळवावी लागते, तिथल्या माणसांना समुद्राचं वेड जरा जास्तच असतं. येता-जाता लोक विचारतात, "लक्ष्मणराव, पाणी कसं हाय सध्या?" आणि मी इथं गोदावरीच्या गावात बसून समुद्राचं सांगतो. दसऱ्यापर्यंत पाणी गढूळ, लाट मोठी, जाऊ नका. दिवाळीनंतर पाणी निवळतं, सकाळी जमिनीकडून हलका वारा येतो, समुद्र ताटात ओतल्यासारखा पडून असतो — तेव्हा सुरमई. संक्रांतीनंतर दुपारचा वारा खवळायला लागतो. पहाटे निघायचं आणि जेवायच्या आत परतायचं. उन्हाळ्यात पाणी कोमट होतं, सुरमई कमी लागते, मग खडकाजवळ तांबोशी बघायची, लांब गेलात तर कुपा. मे सरता सरता वारा फिरतो, बोटी वाळूवर ओढतात, की संपलं. हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि हे सगळं खरं आहे. एवढं खरं सांगणारा माणूस खोटं बोलत असेल असं कुणाच्या मनात यावं?

माझ्या खुर्चीमागं एक मोठा फोटो आहे. त्यात मी दोन्ही हातांनी सुरमई धरून उभा आहे, आणि सुरमई माझ्या छातीपासून गुडघ्यापर्यंत आलेली. तोच फोटो गाडीवर, तोच बोर्डावर. त्या फोटोवर माझ्या सहली भरतात. मासा कसा लागला, गळाच्या रॉडचं रीळ कसं किंचाळलं, बोट कशी वळवावी लागली, हात कसे भरून आले — येईल त्याला मी हे सांगतो, सांगताना हातवारेही करतो. हे सगळं घडलेलं आहे. फक्त ते हात माझे नव्हते.

कबुली एवढीच असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. दुसऱ्याचा मासा आपला म्हणून कोण सांगत नाही? हे अजून काहीच नाही.

हात दिगंबरचे होते. दिगू माझा शाळेपासूनचा मित्र. बाजाराच्या रस्त्याला त्याचं शिलाईचं दुकान, गळ्यात तुळशीची माळ, भजनात पखवाज. माळकरी माणूस मासमटणाला शिवत नाही हे तुम्हाला सांगायला नको, पण दिगू त्यातही कडक. वाढदिवसाचा केकसुद्धा "अंड्याचा हाय का?" विचारून मग बाजूला ठेवायचा. माझ्या पहिल्या सहलीला एक माणूस कमी पडत होता, बोट तर पूर्णच घ्यावी लागते, म्हणून मी त्याच्या मागं लागलो. तो म्हणाला, "येतो बाबा. पन म्या धरनार न्हाई, खानार न्हाई. नुस्ता समुद्र बघतो."

पहिल्या सकाळी आमच्या लोकांनी अस्सल आपल्याकडची चूक केली. घराबाहेर पडायचं तर भरल्या पोटी पडावं ही आपली रीत. बांधून आणलेले धपाटे, दही, ठेचा, वर चहा — धक्क्यावर मांड्या घालून सगळं संपवलं आणि बोटीत चढले. बोट चालवणारा तांडेल, बाबल त्याचं नाव, नको नको म्हणत होता. कोण ऐकतंय? किनारा दिसेनासा व्हायच्या आत सगळे आडवे. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी अंथरुणच सोडलं नाही. बोटीत आम्ही तिघं, मी, दिगू आणि बाबल. मी पुन्हा धपाटे खाल्ले होते. सहल काढणारा मी, मला काय होतंय? दिगूच्या पोटात पाण्याचा घोट तेवढा होता. त्या दिवशी एकादशी होती.

बोट हळू चाललेली, मागं दोन रॉड लावलेले, त्यांच्या दोरीला प्लास्टिकचे खोटे मासे पाण्यातून ओढले जात होते. आणि मी बोटीच्या पुढच्या टोकाला, मान बाहेर टाकून, ओकत होतो. हो. फोटोतला तो शिकारी. तेवढ्यात रीळ किंचाळलं. बाबलचे हात सुकाणूवर. तो ओरडला, "उचल! उचल रे!" आणि रॉडजवळ होता तो दिगूच. त्यानं उचलला.

त्या बोटींवर एक रिवाज आहे. ज्यानं रॉड उचलला त्यानंच मासा आणायचा. दुसऱ्यानं मध्ये हात लावला तर तो मासा कुणाचाच धरत नाहीत. दिगू ओरडायला लागला, "आरं धरा की कुनीतरी! माझी एकादस हाय!" बाबल हसला, त्यानं बोट वळवली, पण रॉड काही घेतला नाही. मी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मग दिगूचं ओरडणं थांबलं. पुन्हा बघितलं तर त्यानं पाय रोवले होते. दोरी ताणली की सोडत होता, सैल पडली की घेत होता. आणि त्याचं तोंड — भजन रंगात आलं की पखवाजावर त्याचं तोंड जसं व्हायचं ना, तसं झालं होतं. मासा बोटीत येऊन पडला तेव्हा तो माझ्याकडे बघून लहान पोरासारखा हसला. इतकं मोकळं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मग त्याचा हात गळ्याकडे गेला.

"माझा फोटू काढू नको," तो म्हणाला. "तू धर. तुझाच म्हन."

म्हणून मी धरला. किनाऱ्यावरच्यांनाही माझाच म्हणून सांगितला. इथपर्यंत मी मित्राचं झाकलं. इथपर्यंत मला कुणी नावं ठेवणार नाही — नाही ना?

पुढच्या श्रावणात आमच्या गावात सप्ताह होता. ज्यांनी दिगूला माळ घातली होती तेच बुवा कीर्तनाला आले होते. काल्याचं कीर्तन झालं, लोक प्रसादाला उठायला लागले, तेवढ्यात दिगू पखवाज बाजूला ठेवून बुवांपुढं जाऊन उभा राहिला. गळ्यातली माळ काढली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

"बुवा, माझ्या हातानं जीव गेलाय. एकादशीला. लक्ष्मनच्या दुकानात फोटू हाय ना, त्यो मासा म्या धरलाय."

"चुकून झालं आसंल," बुवा म्हणाले.

"धरला चुकून. पन मंग मला लय आनंद झाला, बुवा. त्यो आनंदच मनातून जाईना. काय आसंल ते परायश्चित्त द्या आन् माळ परत घाला."

आपण आनंदलो हे पाप म्हणून चारचौघांत सांगायला काय लागतं, तुम्हीच सांगा. बुवा माझ्याकडे वळले. "लक्ष्मनराव, तुमी व्हता ना संगं? खरं हाय का हे?"

एक 'हो' म्हणायचं होतं. काय गेलं असतं? पण मंडपात पालमची, गंगाखेडची माणसं बसलेली, दिवाळीनंतरच्या सहलीला यायचं म्हणणारी. समोर रस्त्यापलीकडे माझा बोर्ड. आणि हो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता — मग तुमी काय करत व्हता?

मी म्हणालो, "बुवा, मासा म्याच धरला. दिगू तर ओकत पडला व्हता."

नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तरी पाप जरा कमी झालं असतं. माझं ओकणंसुद्धा मी त्याच्या गळ्यात बांधलं. लोक हसले. दिगू म्हणाला, "बाबलला फोन लाव." मी म्हणालो, "बाबल समुद्रात आसंल, रेंज नसती तिथं." श्रावण होता. श्रावणात सहलीच्या बोटी पाण्यात नसतात, वाळूवर झावळ्यांच्या झापाखाली असतात. बाबल घरीच असणार. पण हे त्या मंडपात माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार होतं? मी सांगेन तोच त्यांचा समुद्र होता.

बुवांनी माळ उचलून त्याच्या हातात दिली. रागावले नाहीत. "दिगंबरा, न केलेलं पाप अंगावर घेऊ नये," म्हणाले. "त्यातबी मोठेपनाचा सोस आसतो." प्रायश्चित्त काही दिलं नाही. पापच नव्हतं तर कशाचं देणार? दिगू माळ मुठीत धरून माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता हो. मी आता हसून 'मस्करी केली' म्हणेन, अशी वाट बघत होता. मी प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

त्यानं माळ पुन्हा घातली नाही. पाप फिटल्याशिवाय घालायची कशी, हा त्याचा हिशेब. लोक म्हणाले, रुसला. फोटोत आपण नाही म्हणून जळतो. पखवाज दुसऱ्याकडे गेला. बाजारात कुणी कापसाचा उतारा फुगवून सांगायला लागला की दुसरा म्हणायचा, "दिगूची सुरमई नको सांगू." गावात अजूनही म्हणतात. नव्या पोरांना तर ह्यातला दिगू कोण हेही माहीत नसतं. कधी मीसुद्धा म्हटलंय — सगळे म्हणत असताना एकट्यानं गप्प बसलं तर दिसून येतं.

एकदाच तो गाळ्यात आला. फोटोकडे पाठ करून बसला. म्हणाला, "लोकाला नको सांगू. तुझा बोर्ड ऱ्हाऊ दे. एकट्या बुवाच्या कानात सांग. मला माळ पायजे रे." मी म्हणालो, "सिझन संपू दे, दोघं मिळून जाऊ." सुरमई संपली की तांबोशी होती. तांबोशी संपली की पाऊस, पावसात बुवांचे गावोगाव सप्ताह, ते एका जागी सापडत नाहीत. पाऊस उघडला की गाडीचं काम, मग नवी गिऱ्हाइकं. असे सिझन जात राहिले. तो पुन्हा विचारायला आला नाही. माझे शर्ट मात्र तोच शिवायचा, मापं घेताना इकडचं-तिकडचं बोलायचा. मी दुसऱ्या शिंप्याकडे गेलो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून मीही जात राहिलो.

मागच्या हिवाळ्यात समुद्र फार चांगला होता. पाणी स्वच्छ, वारा नाही, रोज सुरमई. मी माणसं घेऊन तिकडेच होतो तेव्हा फोन आला की दिगू गेला. निमोनियाचं निमित्त झालं. गिऱ्हाइकं सोडून येता येत नाही, असं मी घरी कळवलं. बाबलनं एकट्यानंही त्यांना फिरवून आणलं असतं. दहाव्याला पोचलो.

नदीवरचं आटोपून सगळे घरी आले, जेवले, पांगले. मी निघायला लागलो तर सुमनवहिनींनी, दिगूच्या बायकोनं, थांबवलं. चहा टाकला. पदरानं हात पुसत समोर बसल्या.

"भाऊजी, तुमाला एक इचारायचंय," म्हणाल्या. "शेवटाला त्यांनी एकच धरलं व्हतं. माळ आना, बुवाला बोलवा, मासा म्याच धरलाय. दोन दिस तेच. मला बघवंना. म्या म्हनलं, आवो, आता तरी खोटं बोलू नका. देवाच्या दारात जायलाव तुमी. लक्ष्मनभाऊजींनी सगळ्या गावापुढं खरं सांगितलंय ना?"

मी कपातला चहा बशीत ओतला.

"मंग गप झाले. माझ्याकडं बघितलं आन् गप झाले ते झालेच. पुन्ना एक शबुद बोलले न्हाईत. तवापासून जिवाला लागून ऱ्हायलंय. माळ घालायला पायजे व्हती का म्या? उगं त्यांच्या समाधानाला? का केलं तेच बरं केलं म्या, भाऊजी?"

घरात आम्ही दोघंच होतो. गिऱ्हाईक नव्हतं, मंडप नव्हता, हसायला कुणी नव्हतं.

"बरं केलंत, वहिनी," मी म्हणालो.