हरतालिकेला फ्रान्सहून आणलेली माती

आजारपणानंतर माझी देवावरची श्रद्धा उडाली, असं मी लोकांना सांगत असे. पण ते खरं नव्हतं. श्रद्धा उडाली असती तर भांडणही मिटलं असतं, आणि माझं भांडण तर रोज चालू होतं. लग्नानंतर एकही हरतालिका चुकवली नव्हती, तीही निर्जळी. संकष्टी, श्रावणी सोमवार, सगळं केलं. आणि पदरात काय पडलं? एका सकाळी तळपायांना मुंग्या आल्या आणि चौथ्या दिवशी मला उभंही राहता येईना. नसांचा कसलासा आजार, पायांपासून सुरू होऊन वर चढणारा. कार्ल्सरूहेच्या इस्पितळात पाच आठवडे, मग ‘रेहा’मध्ये अडीच महिने, म्हणजे जिथे माणसाला पुन्हा चालायला शिकवतात तिथे. पस्तिशी ओलांडलेली मी दोन लोखंडी दांड्या धरून पाऊल टाकायची आणि मनात देवाला विचारायची, हेच द्यायचं होतं तर इतके उपवास कशाला करून घेतलेस?

तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला सायकलवर बसवलं. आधी जागच्या जागी फिरणारी, मग रस्त्यावरची. पुढे मी जुनी, पण हलकी, बारीक चाकांची एक रोड सायकल घेतली. चालताना माझा डावा पाय अजून थोडा घासत असे, पण सायकलवर बसले की कोणाच्या लक्षातही येत नसे. आमच्या बाजूचा प्रदेश सपाट. दहा, वीस, तीस किलोमीटर अशी मी वाढवत गेले. त्यापुढे मात्र धीर होत नव्हता. घरापासून लांब गेले आणि पायांनी पुन्हा दगा दिला तर, ही भीती पाठ सोडत नव्हती.

त्या वर्षी गणपतीला सासूबाई पहिल्यांदाच जर्मनीला आल्या. कऱ्हाडहून शाडूची मूर्ती त्यांनी विमानात मांडीवर ठेवून आणली, आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. आमच्या घरी मूर्तीचं तोंड चतुर्थीच्या आधी बघायचं नाही, अशी पद्धत आहे. त्यामुळे आठवडाभर ती कपाटावर तशीच बांधलेली राहिली. शुक्रवारी रात्री पाट मांडताना मी गाठोडं उचललं तर आतून खुळखुळ आवाज आला. सोडून बघितलं, तर सोंड आणि एक हात निखळलेला. आठ दिवस आम्ही दोघी त्या गाठोड्याला येता-जाता हात जोडत होतो!

सासूबाईंनी निखळलेली सोंड परत लुगड्यात ठेवली. मग म्हणाल्या, “असू दे. सुपारी मांडू. त्याला सगळं चालतं.”

“आई, मला नाही चालत,” मी म्हटलं.

वर्षभराचा राग त्या एका वाक्यात होता. ऱ्हाईनपलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत कुंभारांचं एक गाव आहे, तिथून माती आणायची आणि मूर्ती घरीच करायची, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नवरा कामासाठी हॅम्बर्गला गेलेला, तो शनिवारी संध्याकाळी येणार. गाडी आमच्याकडे नव्हती. शनिवारी हरतालिका, रविवारी चतुर्थी, म्हणजे माती शनिवारीच घरात यायला हवी. आगगाडीत सायकल घालून राष्टाटपर्यंत जायचं, तिथून होडी गाठायची, पलीकडे झाउअर नावाच्या छोट्या नदीच्या काठाकाठाने गाव. राष्टाटपासून जाऊन-येऊन साठ किलोमीटर. मी केलेल्या सर्वांत मोठ्या फेरीच्या दुप्पट.

सासूबाईंनी निघताना बजावलं, “तू आजारातून उठलीयस. फळं खा, दूध पी, हरतालिका काही रागवत नाही.” मी मान हलवली आणि सायकलच्या दांडीला लावायची पाण्याची बाटली मुद्दाम ओट्यावरच ठेवून आले. मोबाईलही चार्जिंगला तसाच राहिला, तो मात्र विसरून. जिना उतरताना मी देवाला सरळ सांगितलं, तुझ्यासाठीच चाललेय. घोटभर पाण्याशिवाय नेऊन आणलंस तर तू आहेस. नाहीतर उद्या सुपारीपुढेही मी हात जोडणार नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

ऱ्हाईन ओलांडणारी ती होडी इंजिनाशिवाय, नुसत्या प्रवाहाच्या जोराने, तारेला धरून पलीकडे जाते. उतरले तेव्हा सकाळ कोवळी होती. झाउअरचं खोरं म्हणजे डोंगरदऱ्या नव्हेत. मक्याची शेतं, उंच सरळ पॉपलरची झाडं, मधूनच एखादं गाव आणि त्या गावाच्या चर्चवर करकोच्यांचं रिकामं घरटं. नदी इतकी शांत की ती कोणत्या बाजूला वाहते हे कळायला थांबावं लागतं. पहिले दहा किलोमीटर मी उडतच गेले. पाय गोल गोल फिरत होते, चेन किंचित कुरकुरत होती, आणि मी जिंकल्यातच जमा होते.

नंतर ऊन चढलं. त्या भागात प्रत्येक गावात रस्त्यालगत दगडी हौद असतो आणि त्यात अखंड धार पडत असते. पहिल्या हौदाजवळून मी ताठ मानेने गेले. दुसऱ्याजवळून जाताना मान वळली. तिसऱ्या गावात मी मुद्दाम मागच्या गल्लीतून गेले, तर तिथेही एक हौद! जीभ टाळूला चिकटली होती. आणि मग, कुंभारांचं गाव तीन-चार किलोमीटरवर राहिलं असताना, डाव्या तळपायाला मुंग्या आल्या.

त्या मुंग्या मी ओळखत होते. आजाराच्या त्या पहिल्या सकाळीही तिथूनच सुरुवात झाली होती. मी उतरले, सायकल एका पुलाच्या कठड्याला टेकवली आणि गवतात बसले. दुसऱ्या पायालाही आल्या. तहानेनं होतंय की आजार परत आलाय, हे सांगणारं कोणी नव्हतं. परक्या देशात, फोनशिवाय, मी तिथे बसून स्वतःच्या पायांना चिमटे काढत होते. भीती इतकी होती की राग कुठल्या कुठे गेला. तोंडातून एवढंच निघालं, “चुकलं माझं. मला पैज नको. तू काय ते बघ.” वर्षभरात मी देवाशी पुष्कळ बोलले होते, पण मागितलं काहीच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं. चर्चच्या घड्याळात साडेअकरा वाजल्याचा टोला पडला, म्हणून वेळ लक्षात आहे.

थोड्या वेळाने पुलावरून एक म्हातारी आली, ढकलगाडीत जांभळ्या प्लमची टोपली घेऊन. माझ्याकडे बघून थांबली. सीमेवरची असल्याने तिची बोली जर्मनच, आमच्या कार्ल्सरूहेच्या बाजारातल्या बायकांसारखी होती, त्यामुळे बोलणं जमलं. तिनं गाडीतली पाण्याची किटली पुढे केली. मी मान हलवली. आज माझा उपवास आहे, पाणीसुद्धा उद्यापर्यंत घ्यायचं नाही, असं कसंबसं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. ढकलगाडी खाली ठेवून विचारात पडली.

“उपवास मला माहीत आहेत,” ती म्हणाली. “पण आमच्यात आजारी माणसाला सूट असते. आणि प्रवाशालाही. तू दोन्हींपैकी कोण?”

“दोन्ही,” मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

“या, या,” ती जर्मनमधलं ‘हो, हो’ म्हणाली, “मग तर प्रश्नच मिटला.”

मी ते पाणी प्यायले. गार नव्हतं, किटलीचा पत्र्याचा वास येत होता, आणि तेवढं गोड पाणी मी आयुष्यात प्यायले नाही. मग तिनं प्लम दिले, एकामागून एक, मोजून नव्हे, मी नको म्हणेपर्यंत. पंधरा-वीस मिनिटांत मुंग्या उतरल्या. मी उभी राहून पाय आपटून बघितले. होते, दोन्ही जागेवर होते.

कुठे चाललीस, असं तिनं विचारलं आणि माती म्हणताच घाईने हातातल्या घड्याळाकडे बघितलं. बाराला सगळी दुकानं बंद होतात, आणि शनिवारी पुन्हा उघडतील याचा भरवसा नाही. ती मला पुलापलीकडच्या आपल्या घरी घेऊन गेली आणि तिनं पुतण्याला फोन लावला. तो कुंभार होता. त्यात नवल नाही, त्या बाजूला प्रत्येकाचा कोणी ना कोणी कुंभार असतोच. मी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते, बाकीची दारं लागलेली, आणि हा एकटा दारात जेवणाचा रुमाल गळ्याला बांधून उभा. माती कशाला हवी, असं त्यानं विचारलं. उद्या देव करायचाय, मी म्हटलं. त्यानं हातातलं मातीचं गाठोडं परत आत नेलं आणि दुसरं आणलं. “मग ही घ्या. ही गाळलेली आहे,” तो म्हणाला.

परतीचा रस्ता तोच होता, पण मी ती नव्हते. पाठीवर ओल्या फडक्यात पाच किलो राखाडी माती, तिचा गारवा पाठीला लागत होता. जाताना टाळलेल्या प्रत्येक हौदावर मी उतरले आणि ओंजळीने पोटभर पाणी प्यायले. वारा मागून होता. पॅडलच्या लयीत कधी ‘मोरया, मोरया’ सुरू झालं ते कळलं नाही. रंगीबेरंगी जर्सी घातलेल्या तीन धडधाकट पुरुषांना मी मागे टाकलं, तेव्हा तर ते मोठ्यानेच झालं असावं, कारण तिघंही दचकून बाजूला सरकले. होडीतून ऱ्हाईन ओलांडली. राष्टाटला आगगाडी फलाटावर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, आणि सायकल वळवून सरळ घरच्या रस्त्याला लागले. ते आणखी पंचवीस किलोमीटर मला कोणी करायला सांगितले नव्हते. ते निव्वळ आनंदाचे होते.

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. सासूबाई बाल्कनीतच उभ्या. वर येऊन माती त्यांच्या हातात दिली आणि आधी कबुली दिली, “आई, मी उपवास मोडला. पाणी प्यायले, फळं खाल्ली. निर्जळीचा हट्ट केला होता, तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

त्यांनी माती मांडीवर घेतली, फडकं सोडलं, बोटांनी मऊपणा बघितला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “बाटली दिसली होती मला ओट्यावर. तेव्हाच कळलं. फोन केला तर तो आतल्या खोलीत वाजला.”

“मग?”

“मग काय करणार? साडेअकराला पूजेला बसले. चाळीस वर्षं हरतालिकेपुढे बसतेय मी. दरवर्षी तुझ्या सासऱ्यांसाठीच मागितलं, दुसरं काही मागायचं नसतंच. आज म्हटलं, त्यांचं या वर्षी राहू दे. ते धडधाकट आहेत, कऱ्हाडात बसून मिसळ खात असतील. माझ्या पोरीच्या पायात बळ घाल.”

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मातीत हात घातला.

मी यातून कोणाला काही पटवून देणार नाही. ती म्हातारी कोणी दैवी वगैरे नव्हती. पुढच्या वर्षी तिच्यासाठी मोदक घेऊन गेले, तर तिनं अर्धा तास गुडघेदुखी आणि शेजारीण या दोनच विषयांवर गाऱ्हाणी सांगितली. मला इतकंच ठाऊक आहे, की जोवर मी देवाला अटी घालत होते तोवर गावोगावचं वाहतं पाणी मला चुकवावं लागत होतं, आणि हात टेकले तेव्हा ते किटलीतून माझ्यापर्यंत चालत आलं. आणि मी एकटी लढतेय असं समजत होते, तेव्हा माझ्यासाठी कोणीतरी चाळीस वर्षांचं मागणं बदललं होतं.

मूर्ती त्याच रात्री पुरी झाली. सोंड थोडी जाड, कान लहान-मोठे. पावलं करायची राहिली होती, ती सासूबाईंनी मला करायला लावली. सकाळी नवऱ्याने घंटा वाजवली, सासूबाईंनी आरती धरली, आणि भिंतीचा आधार न घेता, शेवटच्या ओळीपर्यंत, मी माझ्या दोन पायांवर उभी होते. पैज मी हरले होते. हरल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधीच झाला नव्हता.