आप्पांची वायरींची पिशवी

फोनच्या कंपन्यांनी जेवढ्या तऱ्हेच्या पिना काढल्या, तेवढ्या सगळ्यांना पुरून उरलेला माणूस मी एकच पाहिला: कासुर्डीचे आप्पा. माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान. आत्या गेल्यापासून एकटेच राहतात. पण लग्न असो की दहावा, खांद्याला वायरींची पिशवी असतेच. मार्केटला जाणाऱ्या शेवंतीच्या क्रेटला ओळखीची चिंधी बांधावी तशी प्रत्येक वायरीला चिंधी: जाड पिनेला लाल, बारकीला हिरवी, नव्या चपटीला पिवळी. मांडवात शिरले की नवरदेवाच्या आधी विजेचा बोर्ड शोधणार. "ट्रॅक्टर कुठल्याबी कंपनीचा घ्या, मागं ट्रॉली जुडतीच न्हवं? मग ह्या फोनवाल्यांनाच काय रोग झालाय?" हे ठरलेलं भाषण. एकदा भटजींचा मोबाइल मंगलाष्टकांसकट विझला, तेव्हा ते लग्न आप्पांच्या हिरव्या चिंधीनं लावलं.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मात्र मला त्यांची लाज वाटली. कारेगावचं कार्यालय, पुण्याचे व्याही, माझ्या कंपनीतले साहेब, आणि दारातच आप्पा सतरंजीवर वायरी पसरून बसलेले. "या पाव्हणं, कुठली पिन?" ते हात धुवायला उठले तेवढ्यात मी सगळं गोळा करून पिशवी माझ्या गाडीच्या डिकीत टाकली. आणि विसरलो.

आप्पांचा स्वतःचा फोन जुना, बटणांचा. त्याची गोल पिन आता दुकानात मिळत नाही. होती ती त्याच पिशवीत. दौंडला त्यांची थोरली बहीण राहते. गुडघ्यांमुळे तिचं येणं-जाणं बंद, पण रोज सकाळी तिचा फोन येतो: "उठलास का?" तिसऱ्या दिवशी मला डिकीत पिशवी दिसली. तसाच कासुर्डीला गेलो, तर ओट्यावर ती बहीण, एसटीनं आलेली, सुजलेला गुडघा चोळत बसली होती.

"दोन दिस फोन बंद! मेलास का जिता हायस, कुणाला इचारू मी?"

"अक्का, पिशवी मीच कुठंतरी इसरलो. वय झालं."

मी पिशवी पुढं केली. "कार्यालयात सापडली," म्हणालो. आप्पांनी आधी आपला फोन चार्जिंगला लावला, मग शोधून एक पिवळ्या चिंधीची वायर माझ्या हातात ठेवली.

"तुमच्या फोनची हाय, जावईबापू. राहू द्या गाडीत."

मी निघालो. ते दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "पर डिकीत नगा टाकू. हाताशी ठेवा."