समुद्रतळाचे गोळे आणि दसऱ्याचं सोनं

नळीतला गाळ धुतला गेला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या दारात रांगोळी काढत होते. आठवलं की आजही कानशिलं तापतात. गाळ गेला याचा राग आहेच, पण मला रांगोळीला बसवलं होतं याचाही आहे. तिथे आम्ही तिघं रसायनतज्ज्ञ होतो. बाकीचे दोघे पुरुष. त्यांच्या हातात कुणी रंगाच्या पुड्या दिल्या नाहीत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमची प्रयोगशाळा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, एका शेडच्या माळ्यावर होती. खाली लेथ चालायचे, वर आम्ही आसपासच्या कारखान्यांचे नमुने तपासायचो. सांडपाणी, आम्लं, मिश्रधातू, काय येईल ते. मालकांना सगळे साहेब म्हणत. त्यांचं घर नौपाड्यातलं, जुनं आणि शिकलेलं. मी मुरबाडकडची. माझे वडील गवताच्या वखारीत गासड्या बांधायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि तीही डोंबिवलीला आत्याच्या दोन खोल्यांत राहून. मुलाखतीच्या दिवशी साहेबांनी माझे मार्क पाहिले, चपलाही पाहिल्या आणि म्हणाले, "उद्यापासून ये." काचेच्या पेटीतला नाजूक तराजू कसा हाताळायचा ते त्यांनीच शिकवलं. इंग्रजी अडायचं तेव्हा स्वतःच्या कपाटातली पुस्तकं दिली. हे उपकार मी कधी नाकारले नाहीत, आजही नाकारत नाही. म्हणून तर पुढचं सगळं इतकं झोंबलं.

त्या वर्षी समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेने आमच्याकडे काम दिलं. हिंदी महासागराच्या तळाचा गाळ त्यांनी स्वतः तपासला होताच, पण बाहेरच्या प्रयोगशाळेकडूनही त्यांना खात्री करून हवी होती. जहाजावरून एक जड, लांब नळी सोडतात. ती तळात रुतते आणि भरून वर येते. मग ती उभी चिरतात. अर्धी संस्था जपून ठेवते, अर्धी तपासायला देते. अशी एक अर्धी नळी आम्ही आधी तपासून दिली होती; आता दुसरी आमच्या टेबलावर आली, पन्हाळीसारखी, गाळाने भरलेली. तिच्यासोबत त्याच जागी तळावर पडलेले मूठभर मँगनीजचे गोळेही आले. काळे, खरबरीत, लहान बटाट्याएवढे. जहाजावरच्या माणसाने प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पांढरा ठिपका दिला होता, कारण गोळ्याची पाण्याकडची बाजू आणि गाळात रुतलेली बाजू सारखी नसते. गाळाचा दुसरा अर्धा भाग संस्थेत होता. गोळे मात्र होते तेवढेच.

मी ती नळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा जेवायला उठले नाही. वर तांबूस-तपकिरी माती होती. बरंच खाली एक रेघ, आणि रेघेखाली पांढरट, खडूसारखा गाळ. कॉलेजात भूशास्त्राच्या सरांनी फळ्यावर काढलं होतं ते इथे माझ्या पुढ्यात पडलेलं होतं. महासागराच्या मधोमध, पाण्याखाली, डोंगररांग असते. तिथल्या भेगांतून वितळलेला खडक वर येतो, थिजतो, नवा तळ होतो. हा तळ, म्हणजे तो अख्खा भूपट्ट, हळूहळू रांगेपासून दूर सरकतो. आपली नखं वाढतात साधारण त्या वेगाने. रांगेजवळ असतो तोवर तळ त्या मानाने उथळ असतो आणि त्यावर सूक्ष्म जिवांची चुनखडी कवचं साचतात. तोच पांढरा गाळ. दूर जाताना तळ थंड होतो, खचतो. एका खोलीनंतर पाणी ती कवचं विरघळवूनच टाकतं. मग उरते ती फक्त बारीक तांबडी माती, तीसुद्धा हजार वर्षांत मिलिमीटर-दोन मिलिमीटर. तिच्यावर हे गोळे वाढतात, त्याहूनही कितीतरी सावकाश. शार्कचा एखादा दात किंवा खड्याचा कण मिळाला की त्याच्याभोवती थरावर थर.

सहसा ही पांढऱ्या-तांबड्याची सीमा फार खोल गाडलेली असते. इथे तळाशी वाहणाऱ्या पाण्याने वरचा गाळ खरवडून नेला असावा, म्हणून ती नळीत सापडली, असं संस्थेचे अधिकारी म्हणाले होते. एक भूपट्ट उथळातून खोलात गेला, आणि त्याची ती वाट माझ्या टेबलावर होती. मी रंग पाहिले, पट्टी लावून थरांची जाडी मोजली, आणि रासायनिक काम दसऱ्यानंतर सुरू करायचं ठरवलं.

दसऱ्याला वागळे इस्टेट बंद असायची, म्हणून पूजा आदल्या दिवशीच होई. यंत्रं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं, शेजारच्या शेडवाल्यांना बोलवायचं, सोनं वाटायचं. मी रांगोळी संपवून हात झटकत आत आले. माझ्या टेबलावर अर्धी नळी होती, लख्ख, ओली, आणि तिला झेंडूची माळ घातलेली.

काचसामान धुणाऱ्या मावशी बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या होत्या. त्या मोरीपाशी हात पुसत होत्या.

"मावशी, यातला गाळ कुठेय?"

"त्या पन्हालीतला चिखल? साहेबांनी सांगला, पूजेला घान नको, धून टाक. धुतला. लय चिकट व्हता गो बाय."

"अहो, तो समुद्राच्या तळाचा होता!"

"मंग? आमचे खाडीन काय कमी हाय चिखल? परवा घमेलं भरून आनतू तुला."

त्या हसल्या. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. त्यांना सांगितलं ते त्यांनी केलं होतं. ज्यांनी सांगितलं ते एम.एस्सी. होते.

ते पलीकडे ताट घेऊन उभे होते. ताटात कुंकू लावलेले मँगनीजचे गोळे. खालचा लेथवाला शेठ समोर आला, तसा साहेबांनी एक गोळा त्याच्या हातावर ठेवला.

"घ्या शेठ, यंदा आपट्याची पानं नाहीत. समुद्रातलं सोनं!"

"ये क्या साहब, जला हुआ आलू?"

"लाखो वर्षांचा आलू आहे, शेठ. जपून ठेवा."

सगळे हसले. एकेक गोळा एकेकाच्या खिशात गेला. मी "साहेब, ते नमुने आहेत" असं म्हणाले. नुसतं म्हणाले नाही, मोठ्याने म्हणाले. त्यांनी पाहुण्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आमची ही मुलगी फार मन लावून काम करते हं," असं म्हणून पेढ्याचा बॉक्स माझ्याकडे दिला, वाटायला.

दसऱ्यानंतर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, संस्थेला कळवायला हवं. गाळाचा तुकडा ते परत देतील. गोळे मात्र आपल्याला मागून आणावे लागतील."

"कळवायचं म्हणजे काय? आम्ही नमुना दसऱ्याला धुतला म्हणून?"

"हो. तसंच."

"वेडी का काय तू? आपली अब्रू राहील का? पुन्हा काम देतील?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मागच्या नळीचे आकडे आहेत ना? जागा शेजारचीच. थोडे इकडे-तिकडे करून लिही. समुद्राच्या तळाशी कोण बघायला जातंय?"

"मागची नळी पाण्याखालच्या टेकडीच्या माथ्यावरची, उथळातली होती. ती सगळी पांढरी. ही तांबडी होती, खाली पांढरी."

"तांबडी, पांढरी! रंगपंचमी आहे का?"

"साहेब, तो फरक म्हणजेच तर तो नमुना होता."

"आणि गोळ्यांचं म्हणशील तर दसऱ्याचं दिलेलं सोनं कुणी परत मागतं का गं? तुमच्याकडे मागत असतील." त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बाळ, गवताच्या वखारीतून इथवर आलीस ती कुणामुळे, हे विसरू नकोस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हे अगदी मायेने सांगितलं. माझी कृतज्ञता त्यांनी जपून ठेवली होती, आणि आज ती वापरायला काढली. खोट्या आकड्यांखाली सही करण्यासाठी. मी चार वर्षं त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या स्वतः भरून ठेवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्या तांब्याचीसुद्धा मला चीड आली.

रविवारी मुरबाडला गेले. वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेबाचं पाय धर, बाय. आपन कोन त्यांना शिकवनारं?"

"अण्णा, त्यांनी चूक केलीय."

"मोठ्या मानसाची चूक बी मोठी आसते. तुज्या अंगावर पडंल."

मी ताटावरून उठले. वडिलांवर चिडून उठले असं आईला वाटलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी कुणावर चिडले होते ते मला तिला नीट सांगताही आलं नाही. ज्या माणसाने मला शिकवण्यासाठी हात सोलून घेतले, त्याला अजून माझ्या मालकाचे पाय दिसत होते.

सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत मी शेडा-शेडांतून गोळे मागत फिरले.

लेथवाल्या शेठचा गोळा बिलांवर वजन म्हणून ठेवलेला होता. "दसरे का सोना वापस? ऐसा तो कभी नहीं सुना, बेटी," असं म्हणाला, पण दिला. रंगाच्या कारखान्यातल्या मॅनेजरने मला बसायलाही सांगितलं नाही. "कुठे पडला ठाऊक नाही, आणि साहेबांना विचारून आलीयस का?" एक गोळा नौपाड्यात एका छपाईवाल्यांच्या देवघरात गेला होता. त्यांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

"देवापुढचं कसं देऊ? अपशकुन होतो."

"काकू, तो देवाचा नाही. सरकारी नमुना आहे."

"लग्न झालंय का तुझं?"

"नाही."

"वाटलंच."

मी दारातून हलले नाही. समोरच्या बिऱ्हाडातली दारं उघडली, माणसं बघायला लागली, तेव्हा त्यांनी गोळा आणून माझ्या हातावर आपटला. त्यावर तेल होतं, कुंकू होतं, एक तांदळाचा दाणा चिकटलेला होता. पांढरा ठिपका तेवढा शाबूत होता. रंगाच्या कारखान्यातला सोडून बाकी सगळे मिळाले. मी ते नव्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घातले, कशाला काय लागलं आहे ते चिठ्ठीवर लिहिलं. वरचा थर बिघडला होता, आतले थर तरी शाबूत असतील एवढी आशा होती.

संस्थेचे अधिकारी अहवाल न्यायला आले तेव्हा साहेबांनी तो दुसऱ्याकडून टाइप करून घेतलेला होता. आकडे मागच्या नळीचे, किंचित बदललेले. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. साहेबांनी पेन माझ्याकडे सरकवलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "चहा सांगू ना?"

मी पिशव्या टेबलावर ठेवल्या. अधिकाऱ्यांनी एक गोळा काढला, फिरवला, नाकाशी नेला.

"याला तेल कसलं लागलंय?"

"पूजेचं," मी म्हणाले.

साहेब म्हणाले, "तू बाहेर जा."

मी गेले नाही. नळी कशी धुतली गेली, गोळे कुणाकुणाला वाटले, हे आकडे कुठले आहेत, सगळं सांगितलं. माझा आवाज चिरकत होता, आणि त्याचाही मला राग येत होता. अधिकाऱ्यांनी अहवाल मिटून साहेबांकडे परत सरकवला. मग मला एकच विचारलं, "तांबडा थर किती जाडीचा होता, मोजला होता?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पिशव्या उचलल्या आणि चहा न पिता गेले.

साहेबांनी अहवाल खणात टाकला. मग म्हणाले, "कृतघ्न. उद्यापासून येऊ नकोस."

वागळे इस्टेटमध्ये बातमी माझ्या आधी सगळीकडे पोचली. नोकरीसाठी जाईन तिथे 'जागा नाही'. नव्वदच्या सुमारास डोंबिवली एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीने बोलावलं. समोर बसलेल्या मॅनेजरने माझा अर्ज वाचला, मान वर केली आणि मिस्किलपणे विचारलं, "दसऱ्याचं सोनं परत मागत फिरलेली ती तूच का?"

"हो," मी म्हणाले. "तुम्ही आधी वागळे इस्टेटला होता का? एक गोळा अजून मिळायचा आहे."