गतिवर्धन, दम आणि जावईबापू

माझ्या सासऱ्यांनी लग्नानंतर दोन वर्षं माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटत असे. ते माझ्याशी शुद्ध बोलायचे. "आपण कधी निघालात? प्रवासात काही तसदी तर नाही ना?" अशी त्यांची वाक्यं. मालवणातल्या एका सरकारी कचेरीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायची भाषा त्यांनी निवृत्तीबरोबर कपाटात ठेवून दिली होती आणि फक्त माझ्यासाठी ती ते इस्त्री करून बाहेर काढत. बाकी सगळ्यांना ते 'रे' म्हणत. दूधवाल्याला रे, नारळ पाडणाऱ्याला रे, कुत्र्याला रे. कुणाला थांबवायचं असलं तर 'रव रे'. देवापुढं उभे राहिले तरी "बघ रे बाबा" एवढंच म्हणून परतायचे. मी मात्र 'जावईबापू'.

चूक आमचीच होती. मी कोल्हापूरला शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यांची मुलगी तिथंच नोकरीला होती, आणि आम्ही रजिस्टर लग्न करून मग फोन केला. सासूबाई फोनवर रडल्या, ओरडल्या, चार शिव्या घातल्या आणि शेवटी विचारलं, जावई मासे खातो का. सासरे म्हणाले, "कळलं. आपले अभिनंदन." तेव्हापासून 'आपण' सुरू झालं ते संपेना.

"ओरडले असते तर बरं झालं असतं," बायको म्हणायची. "आमच्या घरात शिव्या घातल्या की विषय संपतो. तुझा विषय अजून त्यांनी उघडलेलाच नाही."

हे ती मला एसटीत सांगायची, कारण फोंडाघाट उतरला की तिची भाषा बदले आणि मग मला अर्धंच कळे. मला त्या घरात दुसरं काही नको होतं. सासऱ्यांनी मला एकदा 'रे' म्हणावं, एवढंच. तिशी ओलांडलेल्या माणसानं असं काही मनात धरणं हास्यास्पद आहे, पण धरलं होतं खरं.

२००८ च्या मे महिन्यात आम्ही सुटीला गेलो तेव्हा ओटीवरच्या टेबलाशी सासरे कंबर कसून बसलेले दिसले. वर्षापूर्वी आमचा जुना कॉम्प्युटर आम्ही त्यांना दिला होता. 'वृत्तपत्रे वाचण्यासाठी' असं कारण सांगून त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटही घेतलं होतं. वृत्तपत्रं पहिल्या महिन्यातच मागं पडली होती. पडद्यावर एक बोटभर विमान होतं, समोरून दगडांचा पाऊस येत होता, आणि माझे सासरे बाणांच्या बटणांवर दोन्ही हातांची बोटं ठेवून दात ओठ खात होते.

खेळ साधा होता. दगड चुकवायचे, जमतील तेवढे फोडायचे, वाटेत चांदण्या गोळा करायच्या. फेरी संपली की दहा सेकंद एक दुकान उघडे. त्यात वर लिहिलेलं 'स्पीड', खाली 'पॉवर'. चांदण्या देऊन यातलं काय हवं ते वाढवायचं, की पुढची फेरी सुरू. जगभरातली माणसं हेच करत बसलेली असत, आणि पडद्याच्या उजव्या बाजूला त्या दिवसाच्या पहिल्या दहा जणांची यादी आणि तिच्याखाली आपलं नाव नि क्रमांक असे. सासऱ्यांनी खेळात आपलं नाव सरकारी फॉर्मसारखं घातलं होतं. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. खेळाला आठच अक्षरं चालत, त्यामुळं जगात ते आडनाव आणि अर्ध्या नावानिशी वावरत होते.

अडचण माऊसची होती. बटणं त्यांना जमत, पण माऊस हातात घेतला की पडद्यावरचा बाण उंदरासारखा पळे. दहा सेकंदांत दुकानापर्यंत पोचेपर्यंत दुकान बंद होई. आधी मुलीनं फोनवरून शिकवायचा प्रयत्न केला होता. मग सासूबाईंना माऊसवर बसवलं, तर त्यांनी एकदा 'खेळ सोडा' दाबून ठेवलं. त्या दिवशी त्यांची बदली झाली.

"जावईबापू, आपणांस सवड असल्यास," सासरे म्हणाले, "सदर यंत्र हाताळाल का?"

मी खुर्ची ओढली. माझ्याकडं वीस दिवस सुटीच होती.

त्यांचं धोरण ठरलेलं होतं. स्पीडला ते 'गतिवर्धन' म्हणत आणि सगळ्या चांदण्या गतिवर्धनात घालत. पॉवरला त्यांनी 'शक्तिवर्धन' असं नाव दिलं होतं, पण तिकडं फिरकत नसत. विमान मग असं सुसाट सुटे की चुकवायचा दगड सोडून त्याच्या शेजारच्या दगडावर जाऊन आदळे. मोठे निळे दगड तर गोळ्यांना दाद देत नसत. सासूबाई आमसुलांसाठी रातांबे फोडता फोडता ओसरीवरून बघत. एकदा त्यांनी निकाल दिला, "दम नाय रे त्या इमानात. नुसतां धावता."

तेव्हापासून शक्तिवर्धन कोणाच्याच तोंडी राहिलं नाही. आम्ही सगळे पॉवरला दमच म्हणायला लागलो. सासरेही.

"बाबा, थोडा दम वाढवूया का?" मी विचारायचो.

"नको. गती द्या."

मी विज्ञानाचा मास्तर. नुसत्या गतीनं काय होतं हे मी वर्गात दरवर्षी खडू फेकून दाखवायचो. पण इथं माझी विद्या चालेना. मग मी लबाडी सुरू केली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना पडद्यावरून अधूनमधून नजर काढायला सांगितलं होतं. म्हणून दुकान उघडलं की ते डोळे मिटून बसत आणि "गती" एवढंच म्हणत. मी दोन चांदण्या गतीत घालायचो आणि एक हळूच दमात. दुसऱ्या दिवशी दोन गतीत, दोन दमात. हाताला विमान थोडं जड लागत असणार, पण निळे दगड फुटायला लागले आणि आम्ही पाचव्या फेरीवरून बाराव्या फेरीवर गेलो.

"बघितलंत?" सासरे म्हणाले. "गतीचा परिणाम."

"खरं आहे," मी म्हणालो. बायकोनं माझ्या पाठीत चिमटा काढला. तिला सगळं दिसत होतं.

आठवडाभरात मी या लबाडीत तरबेज झालो. कुठल्या फेरीत दगड दाट येतात, तिथं दम. कुठं शेपटीवाले तारे आडवे धावतात, तिथं गती. दोन्ही पट्ट्या बरोबरीनं वर न्यायच्या, एकीला फार पुढं जाऊ द्यायचं नाही. खरं सांगतो, शाळेच्या निकालासाठी मी एवढं डोकं कधी चालवलं नव्हतं. आणि दोन माणसं रोज तीन तास खांद्याला खांदा लावून बसली तरी त्यातला एक दुसऱ्याला 'आपण' म्हणू शकतो, हेही त्याच आठवड्यात शिकलो. त्याचा मला रागही येऊ लागला होता.

सुटी संपायला चार दिवस उरले असताना, दुपारी जेवणं झाल्यावर, आम्ही अकराव्या जागेवर पोचलो. दहाव्या जागी कुठला तरी परदेशी माणूस होता आणि त्याच्यात नि आमच्यात एका फेरीचं अंतर होतं. तीन वाजता लोडशेडिंगची लाइट जाणार होती. सासूबाई रातांब्यांनी लाल झालेले हात पदराला न लावता तशाच दारात येऊन उभ्या राहिल्या. बायकोही आली. सासऱ्यांच्या कपाळावर घाम होता.

फेरी संपली. दुकान उघडलं. या वेळी त्यात तिसरी ओळ होती, जी आम्ही कधीच पाहिली नव्हती. या फेरीत चांदण्या खर्चल्या नाहीत, साठवल्या, तर पुढच्या फेरीत गती आणि पॉवर दोन्ही एकदम दुप्पट. मी ती ओळ नंतर वाचली. तेव्हा माझं लक्ष सासऱ्यांकडं होतं, कारण पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटले नव्हते. ते पडद्याकडं टक लावून बघत होते आणि एकाएकी ओरडले, "दम! दम!"

मला आनंद झाला. पंधरा दिवसांनी का होईना, म्हाताऱ्याला पटलं! मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या चांदण्या दमात ओतल्या.

पुढची फेरी सुरू झाली. विमानाच्या अंगात आता डोंगर फोडायचा दम होता, पण त्या फेरीच्या वेगापुढं ते जागचं हलेना. पहिलाच शेपटीवाला तारा आडवा आला आणि विमानाचे तुकडे झाले. यादीखालचं आमचं अर्धं नाव पुसलं गेलं.

"काय केलंस रे मेल्या!" सासरे खुर्चीतून उठले. "दम म्हटलंय, दम! दम धर म्हणान सांगत होतंय! साठव म्हणान! आणि ह्यो गाढव सगळां ओतून मोकळो!"

मी तोंड उघडलं तोवर त्यांनी पुढचा मारा केला. "पंधरा दिस चोरून दम घालतंस, तां गप बघत रवलंय. डोळे मिटतंय म्हणान काय आंधळो आसंय मी? म्हटलां, पोरगो बरो खेळता, खेळांदे. आणि आज? आज नेमको आज्ञाधारक झालंस?"

मीही काही थंड डोक्याचा माणूस नव्हे. पराभव झाला होता, आणि दोन वर्षांचं साठलं होतं ते वेगळंच. "मग 'रव' म्हणायचं होतं!" मी ओरडलो. "दूधवाल्याला रव म्हणता, चुलीवरच्या दुधाला रव म्हणता, कुत्र्यालासुद्धा रव म्हणता. ते मला कळतं! मलाच तेवढं शुद्ध कशाला? दम धरा म्हणे! मी काय तुमच्या टेबलापुढं अर्ज घेऊन उभा आहे?"

बायकोनं तोंडावर हात धरला होता. माझे कान तापले. सासऱ्यांशी असं बोलतात का कुणी, असं मनात आलं आणि बॅग भरायला किती वेळ लागेल याचाही हिशेब झाला.

"खरां तां," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "माका 'रव' म्हणतास, जावयाक कित्या नाय?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, परत घातला. आपण इतका वेळ काय आणि कसं बोललो ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदा 'आप' असं सुरू केलं आणि तिथंच थांबले. मग माझ्याकडं न बघता खुर्चीत बसले.

"सरक थंय," ते म्हणाले. "सगळो माऊस अडवून बसलंस. लाव परत पयल्यापासून. आणि आता माका इचारल्याशिवाय काय्येक दाबू नको."

मी सरकलो. तीनला लाइट गेली, तोवर मी आणखी चार वेळा मेल्या झालो आणि एकदा गाढव. इतकं बरं मला त्या घरात याआधी कधी वाटलं नव्हतं.