महापौरांच्या नवऱ्याची निळी फीत

एमेट लिंडक्विस्ट महापौर झाला तेव्हा अमेरिकेतल्या एल्कफर्ड गावापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला, आणि तो गटारांचा नव्हता. जत्रेत लोणची चाखून सर्वांत चांगल्या बरणीला निळी फीत बांधायचा मान पिढ्यान्‌पिढ्या महापौरांच्या बायकोचा. एमेटला बायको नव्हती. नवरा होता, तेओ, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा.

एमेटने हे कधी लपवलं नव्हतं. प्रचारात भरसभेत कुणीतरी विचारलं, "तू पुरुषाबरोबर राहतोस म्हणे?" बापाच्या खिळ्यामोळ्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशा सुरात एमेट म्हणाला, "राहतो. तेओ त्याचं नाव. आता त्या तुंबलेल्या गटाराचं बोलू या?" गावाला गटार जास्त जवळचं होतं, म्हणून तो निवडून आला.

पण फितीची गोष्ट निराळी. त्या वर्षी तेओ चमचा घेऊन टेबलाशी गेला आणि वर्ना ब्रँडवोल्डबाईंनी आपली शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याची बरणी उचलली. "तुझ्या भाडेकरूने माझं लोणचं चाखायचं नाही," असं एमेटला सुनावून त्या चालू लागल्या. चर्चमधल्या बायका वर्नाबाईंच्या शब्दाबाहेर नसत. त्यांच्यामागे बाकीच्या बरण्याही उठल्या. उरलेल्या चारदोन तेओने मन लावून चाखल्या. घरी आल्यावर एमेट रडला. तेओ त्याच्यापुढे कॉफी ठेवत म्हणाला, "बीटाचं लोणचं मात्र फक्कड होतं हं."

पुढे एमेटने गटारं उपसली, पूल बांधला, बर्फ पडला की स्वतः फावडं घेऊन निघायचा. हळूहळू बरण्या परतल्या. वर्नाबाईंची तेवढी आली नाही, आणि तेओ त्यांच्या लेखी भाडेकरूच राहिला.

मग एमेट थेट देशाच्या संसदेसाठी उभा राहिला. लढत अटीतटीची होती. जत्रेच्या सकाळी प्रचार सांभाळणारी ब्रायना धापा टाकत आली. "वर्नाबाईंची बरणी आलीये. तेओ, फीत तिलाच बांध बाबा. अख्ख्या चर्चची मतं आहेत."

तेओने एमेटकडे पाहिलं. एमेटला ती जागा जिवापाड हवी होती, खोटं कशाला सांगा. "तुझ्या जिभेला पटेल तसं कर," तो कसाबसा म्हणाला.

तेओने काकडीची फोड चावली. मग आणखी एक चावली. आणि फीत शेजारच्या बीटाच्या बरणीला बांधून मोकळा झाला. ब्रायनाने कपाळावर हात मारला.

वर्नाबाई तरातरा आल्या. "का रे, काय वाईट आहे माझ्या लोणच्यात?"

"काकडी मऊ पडलीय, बाई. मीठ कमी झालं असणार."

वर्नाबाईंनी स्वतः एक फोड तोंडात टाकली, सावकाश चावली आणि बरणी उचलून निघून गेल्या. सगळं संपलं, असं एमेटला वाटलं.

नोव्हेंबरात तो थोडक्या मतांनी निवडून आला. चर्चच्या बायकांनी हात दिला होता. त्यांना वर्नाबाईंनी काय सांगितलं, ते ब्रायनाने कुठूनसं काढून आणलं: "ज्याच्या घरात मतांसाठीही खोटी फीत बांधत नाहीत, त्याला पाठवायला हरकत नाही."

वॉशिंग्टनला निघायच्या दिवशी दारात वर्नाबाईंची गाडी थांबली. हातात बरणी. एमेट कृतज्ञतेने पुढे झाला, तशी त्यांनी बरणी मागे घेतली.

"तुला नाही रे. तुझ्या नवऱ्याला बोलाव. या खेपेला मीठ बरोबर आहे."