पंधरा ऑगस्टची चौथी नोंद

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि नांदेडच्या एका दैनिकानं मला तिथं वार्ताहर म्हणून पाठवलं. कार्यालय म्हणजे बसस्थानकामागची एक खोली: टेबल, टेलिफोन आणि मागच्या भिंतीला लागून माझी कॉट. बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीनं नांदेडला जायचं. ते गेलं की माझं त्या दिवसाचं बोलणं संपायचं. पाऊस धड झाला नव्हता. बातम्या त्याच त्या होत्या, टँकर, चारा, मोर्चा.

संपादकांनी माझा रिकामा वेळ हेरून एक सदर गळ्यात टाकलं: आजच्या तारखेला संगीतात काय घडलं. सिनेमा, रेडिओ, रेकॉर्ड, देशातलं, परदेशातलं, रोज तीन-चार नोंदी. जुनी मासिकं चाळून मी त्या लिहायचो. सदर कुणी वाचतं याचा पुरावा नव्हता. एकदा एका संगीतकाराचा जन्म दोन वेगवेगळ्या महिन्यांत छापून गेला, तरी कुणाची तक्रार आली नाही.

जुलैत एक साठीची बाई आली. उदगीरजवळच्या खेड्यातली. निळ्या फडक्यात बांधलेला ट्रान्झिस्टर तिनं छातीशी धरला होता.

“गान्याच्या तारखा लिवता ते तुमीच का?”

“हो, मावशी. बसा.”

“मग माझीबी लिवा. रेडिओवाले मला पारंपरिक म्हनायलेत. मी तर अजून जित्ती हाय.”

तिचं म्हणणं असं. आधीच्या मोठ्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला होती. हातोडीच्या ठोक्यावर तिनं एक गाणं जुळवलं. पंधरा ऑगस्टला कामावरच झेंडावंदन झालं, मोठे साहेब आले, त्यांच्यासोबत टेपचं यंत्र घेतलेला रेडिओचा माणूस होता. ती गायली, बाकीच्या बायांनी मागून झील धरली. तेव्हापासून शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ते गाणं अधूनमधून लागे. निवेदक म्हणे, ‘पारंपरिक श्रमगीत. सादरकर्त्या, मजूर महिला.’

“इतके दिवस तुम्ही काही बोलला नाहीत,” मी म्हणालो.

“मला काय फरक पडला नसता. नातीला पडला.”

मुलगा आणि सून दोघंही गेलेली. नात तेवढी होती, ती किनवटकडं वसतिगृहाच्या शाळेत. तिथं बाईंनी हेच गाणं शिकवायला घेतलं. नात उभी राहून म्हणाली, हे माझ्या आजीनं केलंय. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, पारंपरिक गाणं कुणा एकाचं नसतं, खोटं बोलू नये. पोरी तिला लबाड म्हणू लागल्या. उन्हाळ्याच्या सुटीत ती घरी आली ती गप्प. जाताना म्हणाली, आजी, तूच मला खोटं सांगितलंस ना?

“तेवढं छापा,” ती म्हणाली. “पेपरात आलं की बाई मानतील.”

मी सांगितलं, तुमच्या एकटीच्या शब्दावर छापता येणार नाही. कामावरचं कुणीतरी साक्षीला हवं. तिला राग आला नाही. बाया पांगल्या होत्या. काही पुण्याकडं, काही हैदराबादेकडं. ठाऊक होता तो एक मुकादम, मूळचा हदगावचा.

महिन्याच्या बैठकीला नांदेडला गेलो, तेव्हा तिथून हदगावची एसटी धरली. मुकादम निवृत्त होऊन ओसरीवर बसला होता. मी गाण्याचं काढलं, तर तो गुडघ्यावर ठोका धरून हसायला लागला.

“हाव की! तिनंच केल्तं. रोज एक कडं वाढवायची. एका कड्यात मला बोकड केल्तं.”

“मग पारंपरिक कसं झालं?”

“माझ्यामुळंच झालं, साहेब. मोठ्या साहेबानं इचारलं, गाणं कुणाचं? आता तिचं म्हनलं असतं, तर साहेब म्हनला असता, बाई कामावर गानी जुळवीत बसते का? लावा तिची गैरहजेरी. मी म्हनलं, पूर्वीपासूनचं हाय, साहेब, पारंपरिक. रेडिओवाल्यानं तेच लिवून घेतलं.” तो पुढं म्हणाला, “तिची हजेरी वाचली, हे तरी सांगा तिला.”

मी सांगितलं. तिनं डोळे बारीक केले. “बोकडच हाय तो,” एवढंच म्हणाली.

पंधरा ऑगस्टला चार नोंदी गेल्या. पहिली, इंग्लंडच्या चार तरुण गायकांचा अमेरिकेतल्या मैदानावरचा कार्यक्रम. आरडाओरडा इतका, की त्यांना स्वतःचंच गाणं ऐकू येईना. दुसरी, अमेरिकेतच एका शेतकऱ्याच्या रानात सुरू झालेला मोठा जलसा, भर पावसातला. तिसरी, मुंबईत त्या दिवशी लागलेला आणि गाण्यांसकट गाजलेला एक हिंदी चित्रपट. चौथीत तिचं नाव, गाव आणि ‘गीत व गायन’ हे शब्द. नांदेडच्या टेबलावर काटछाट होऊ नये म्हणून मी आदल्या दिवशी दोनदा फोन केला होता. एक अंक किनवटला पोस्टानं धाडला, दुसरा तिला नेऊन दिला.

मी तिची नोंद वाचून दाखवली. मग तिनं बाकीच्या वाचायला लावल्या.

“स्वताचं गानं ऐकू येईना, मग गायले कशाला?” आणि दुसऱ्या नोंदीला, “रानात पाऊस पडला म्हना तिकडं.”

दिवाळीनंतर ती पुन्हा आली. अंक पोचला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. नात सुटीत घरी आली, आजीजवळ झोपली. मी म्हणालो, चांगलं झालं.

“झालं की. पन गंमत ऐका. संमेलनात पोरी पारंपरिक गीतात हे म्हननार होत्या. आता पारंपरिक न्हाई म्हनून बाईनं काढून टाकलं. पोरींनी दुसरं बसवलं. माझी नात हट्टानं उभी ऱ्हायली, एकटीच म्हनली. झील धरायला कुनी न्हवतं.”

टेबलावर ठेवलेला तिचा ट्रान्झिस्टर बंद होता. ती बोटांनी त्याच्यावर ठोका देऊ लागली आणि बसल्या बसल्या गायली. खोलीत आवाज मोठा वाटला. पहिलं कडं संपल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे आता तुमी.

‘फुटंना गं, फुटंना’, एवढीच झील होती. मी ती धरली. दुसऱ्या कड्यालाही धरली. तिसऱ्याला ती मध्येच थांबली.

“ऱ्हाऊ द्या, बाबा,” ती म्हणाली. “तुमी लिवतच बरे.”

आम्ही दोघंही हसलो. उदगीरची गाडी लागली होती. तिनं ट्रान्झिस्टर फडक्यात बांधला आणि ती निघाली. पाकिटाची वेळ होत आली होती. मी दुसऱ्या दिवशीच्या नोंदी लिहायला घेतल्या.